दोनदा ‘नॉर्मल’ आलेला एमआरआय आणि एक सेंटीमीटर चुकलेला ठिपका

मी डॉक्टर नाही. एपिलेप्सी (म्हणजे अपस्मार, फिट्स येणं) सर्जरीच्या टीममध्ये वेगवेगळ्या मशीनवरून आलेल्या मेंदूच्या इमेजेस एकमेकींवर जुळवून द्यायचं काम करतो, म्हणजे पेट स्कॅन (मेंदू कुठे किती साखर वापरतो त्याचा फोटो) एमआरआयवर बसव, एमईजीचे (मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या तपासणीचे) ठिपके एमआरआयवर बसव, सर्जनला नेव्हिगेशनसाठी सगळं एका फाईलमध्ये बांधून दे, असलं. लोकांना वाटतं हे सॉफ्टवेअरचं काम, बटण दाबलं की झालं. ही केस मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण यात चार तपासण्यांनी चार वेगळ्या जागा दाखवल्या होत्या आणि त्यातली एक जागा माझ्यामुळे चुकीची होती. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी २३ वर्षांची. नवव्या वर्षापासून फिट्स, आणि जवळजवळ सगळ्या झोपेत. दचकून डोळे उघडतात, उजवा हात ताठ होऊन वर जातो, मान नि डोळे उजवीकडे ओढले जातात, बोलायला जाते तर शब्द फुटत नाही, पण समोर कोण आहे, काय बोलतंय हे सगळं तिला कळत असतं, आणि वीस-पंचवीस सेकंदांत खेळ खलास, परत झोप. रात्रीत कधी एक, कधी सात. एवढी कमी वेळाची आणि शुद्ध न हरपणारी फिट म्हटल्यावर सुरुवातीची काही वर्षं ‘झोपेत घाबरते’ यातच गेली, एकाने तर मानसिक म्हणून मोकळं केलं. शेजारी झोपणाऱ्या मोठ्या बहिणीने फोनवर व्हिडिओ काढायला लागल्यावर गाडी रुळावर आली. ताईंचे ते व्हिडिओ आमच्या मीटिंगमध्ये पण लागले, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या पहिल्या तीन सेकंदांनी जेवढं सांगितलं तेवढं पुढच्या दोन स्कॅननी नाही सांगितलं.

औषधं तीन झाली होती. योग्य निवडलेली, नीट घेतलेली दोन औषधं फेल गेली की इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीच्या २०१० च्या व्याख्येप्रमाणे केस औषधाला दाद न देणारी धरतात, पुढच्या औषधाने फिट्स पूर्ण थांबायची शक्यता फार थोडी उरते. साधारण तिघांतल्या एकावर ही वेळ येते. मग प्रश्न सर्जरीचा, आणि सर्जरीचा पहिला प्रश्न कायम एकच: सुरुवात नक्की कुठून होते?

तिचे एमआरआय दोन. पहिला जुना, दीड टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद), पाच मिमी जाडीचे काप. दुसरा तीन टेस्लाचा, एक मिमीचे बारीक घनाकार व्हॉक्सेल (चित्राचे ठोकळे), सगळं व्यवस्थित. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. आता ‘एमआरआय नॉर्मल’ या शब्दाला या क्षेत्रात फार वजन आहे, कारण डाग सापडलेल्या पेशंटना सर्जरीनंतर फिट्समधून सुटण्याचे ऑड्स न सापडलेल्यांच्या साधारण अडीचपट असतात. त्यामुळे डाग दिसत नाही म्हटलं की सगळेच जरा हात आखडता घेतात. पण नॉर्मल याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही, ‘या कापांमध्ये, या नजरेला दिसलं नाही’ एवढाच होतो.

व्हिडिओ ईईजीला (टाळूवरून मेंदूची वीज मोजायची, सोबत कॅमेरा) पाच दिवस ठेवलं, १४ फिट्स मिळाल्या. आणि ईईजीने आपला नेहमीचा स्वभाव दाखवला. वेळेच्या बाबतीत हा पठ्ठ्या मिलिसेकंदात बोलतो, जागेच्या बाबतीत मात्र गोलमाल, कारण कवटी वीज नीट वाहू देत नाही, खालचा सिग्नल वर येईपर्यंत पसरून जातो. शिवाय टाळूवरच्या इलेक्ट्रोडला काही दिसायचं तर बरेच चौरस सेंटीमीटर कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) एकाच वेळी पेटावं लागतं, खोल खाचेतली छोटी ठिणगी वर कळतच नाही. हिच्यात तर फिट सुरू झाली की सेकंदाभरात मानेच्या नि कपाळाच्या स्नायूंचा धिंगाणा, सगळ्या रेषा काळ्या. फिट्सच्या मधल्या काळात झोपेत मात्र डाव्या बाजूला पुढे आणि मध्यरेषेजवळ स्पाइक्स (टोकदार उसळ्या) होते, एकामागोमाग एक ठेक्यात येणारे. आमच्या टीममधल्या डॉक्टर मॅडम ते बघून म्हणाल्या, "असा ठेका उगाच नाही येत, खाली काहीतरी जन्मापासूनचं बसलंय." त्यांच्या डोक्यात फोकल कॉर्टिकल डिसप्लेझिया होतं, म्हणजे गर्भात मेंदूचा थर बनताना एखाद्या तुकड्यातल्या पेशी नीट रांगेत न लागणं. १९७१ मध्ये पहिल्यांदा नीट वर्णन झालं याचं. तुकडा कधी कधी एका खाचेच्या तळाशी इतका छोटा असतो की नजरेतून सहज निसटतो.

मग पेट. यात साखरेसारखा एक रेणू देतात, एफडीजी, त्याला फ्लोरिन-१८ चिकटवलेलं. पेशी त्याला साखर समजून आत घेते पण पुढे पचवू शकत नाही, तो आतच अडकून बसतो, आणि जिथे जास्त अडकला तिथे जास्त उजेड. फिट्स सुरू होणारी जागा दोन फिट्सच्या मधल्या काळात बहुतेक वेळा कमी साखर खाते, म्हणून ती फिकट दिसते. दोन गोष्टी लोक विसरतात. एक, हा फोटो क्षणाचा नाही, इंजेक्शननंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाची ती एकत्र सरासरी आहे, आणि त्या वेळात फिट येऊन गेली तर फिकटऐवजी तीच जागा चमकेल आणि चित्र उलटं वाचलं जाईल. म्हणून त्या वेळात आम्ही ईईजी चालू ठेवला होता, फिट आली नाही. दुसरी गोष्ट, फिकट भाग नेहमी खऱ्या जागेपेक्षा मोठा असतो. हिचा रिपोर्ट आला: डावा फ्रंटल (कपाळामागचा भाग), बाहेरची बाजू, सौम्य, पसरट, शिवाय डावा टेम्पोरल (कानाजवळचा भाग) पण जरा फिकट. म्हणजे अर्धं डोकं.

स्पेक्ट, म्हणजे मेंदूतल्या रक्ताभिसरणाचा स्कॅन, त्याची कथा याच्या उलट. तिथे फिट चालू असतानाच इंजेक्शन द्यावं लागतं, टेक्नेशियम-९९एम लावलेलं औषध, ते पहिल्याच फेरीत रक्तातून मेंदूत जाऊन चिकटतं आणि नंतर हलत नाही, त्यामुळे फोटो तास-दीड तासाने काढला तरी दिसतं ते इंजेक्शनच्या वेळचं रक्ताभिसरण. सिस्टर भरलेली सिरिंज घेऊन रात्रभर पलंगाशेजारी बसल्या होत्या. दोन वाजून काही मिनिटांनी फिट आली, ११ व्या सेकंदाला औषध आत गेलं. अकरा सेकंद म्हणजे खरंच कौतुकास्पद. रिपोर्टमध्ये लाल ठिपका आला डाव्या बाजूला पण आतल्या, मधल्या पृष्ठभागावर, सप्लिमेंटरी मोटर भागात (हालचालींची तयारी करणारा भाग), आणि उजव्या लहान मेंदूत.

आता बघा, पेट म्हणतं बाहेरची बाजू, स्पेक्ट म्हणतं आतली, ईईजी म्हणतो मध्यरेषेजवळ कुठेतरी. राहिली होती एमईजी, तिच्यावर सगळ्यांच्या आशा होत्या.

एमईजी मला व्यक्तिशः सगळ्यात आवडते. मेंदूतल्या करंटभोवती जे चुंबकीय क्षेत्र बनतं ते डोक्याच्या बाहेरून मोजायचं, आणि ते क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी दुबळं. १९६८ मध्ये डेव्हिड कोहेनने ते पहिल्यांदा मोजलं. आमच्याकडे अजून जुन्या पद्धतीचं मशीन, सेन्सर उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेले, जाड धातूची बंद खोली. फायदा हा की कवटी चुंबकीय क्षेत्राला ईईजीसारखी विस्कटून टाकत नाही. तोटा हा की टाळूला समांतर वाहणारे करंटच नीट दिसतात, म्हणजे खाचेच्या भिंती छान दिसतात, वळीचा (दोन खाचांमधल्या उंचवट्याचा) माथा आणि खाचेचा तळ जवळजवळ नाहीच. आणि बाहेरून मोजलेल्या क्षेत्रावरून आतला उगम शोधणं हे गणित मुळातच एका उत्तराचं नाही, हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच सांगून ठेवलंय की एकच बाहेरचं चित्र आतल्या अनेक वेगवेगळ्या मांडण्यांतून येऊ शकतं. त्यामुळे काहीतरी गृहीत धरूनच पुढे जावं लागतं.

रात्रभर जागवून सकाळी तिला मशीनखाली झोपवलं, तासाभरात ४१ स्पाइक्स मिळाले, आणि उगम काढल्यावर जवळजवळ सगळे एका जागी घट्ट गोळा झाले. असा क्लस्टर बघितला की जीव भांड्यात पडतो. मी तो एमआरआयवर बसवला आणि भांडंच फुटलं. क्लस्टर होता प्रीसेंट्रल वळीत, हाताच्या मोटर भागात. एमआरआयवर तिथे वळीला एक गाठीसारखा उलट्या ओमेगाचा आकार असतो, हाताच्या हालचाली तिथून चालतात, आणि ठिपके बरोब्बर त्या गाठीवर. मुलगी उजव्या हाताने लिहिणारी. तिथे कापायचं म्हणजे हात जाणार.

मीटिंगमध्ये शांतता. मग कोणीतरी म्हणालं, चारातली दोन मध्यरेषेजवळ आहेत ना, ईईजी नि स्पेक्ट, मग आतल्या बाजूला इलेक्ट्रोड टाकून बघू. मॅडमनी तिथेच थांबवलं. "हात वर करून ठरवायचंय का? प्रत्येकाला विचारा की तू नेमकं काय मोजलंस आणि कुठल्या सेकंदाचं. चार जण चार जागा सांगतायत तर चौघांच्या वेगळेपणाचं कारण सापडलं पाहिजे, नाहीतर कोणाचंच ऐकायचं नाही." मला ते वाक्य मनापासून पटलं. इमेजिंग एकत्र करणं म्हणजे रंगीत थर एकमेकांवर ठेवून जिथे रंग गडद होईल तिथे बोट ठेवणं असं बरेच जण समजतात, पेपरातली चित्रं पण तशीच छापलेली असतात. पण रंग जुळला नाही तिथेच जास्त माहिती असते, फक्त तिथे थांबून विचारायचा कंटाळा येतो.

स्पेक्टपासून सुरुवात केली कारण ते सोपं होतं. इंजेक्शन ११ व्या सेकंदाला, ठीक. पण दंडातल्या शिरेतून मेंदूपर्यंत औषध पोचायला साधारण अर्धा मिनिट जातं. तिची फिट २०-२५ सेकंदांची. म्हणजे औषध वर पोचलं तेव्हा फिट संपत आली होती किंवा संपलीच होती, आणि फोटो आला तो वणवा जिथवर जाऊन विझला त्या टोकाचा. उजवा लहान मेंदू का चमकला तेही यातच बसतं, डाव्या फ्रंटलचा जोड उलट बाजूच्या लहान मेंदूशी असतो. स्पेक्ट खोटं बोललं नव्हतं, त्याला आपण चुकीचा प्रश्न विचारला होता.

व्हिडिओ परत लावला. पहिल्या तीन सेकंदांत हात हलतच नाही. आधी डोळे उजवीकडे जातात, मग मान, आणि हात त्यानंतर ताठ होतो. डोळे विरुद्ध बाजूला फिरवणारा भाग सुपीरियर फ्रंटल खाच मागे जाऊन प्रीसेंट्रल खाचेला मिळते त्या तिठ्याजवळ असतो, बाहेरच्या बाजूला. पेटच्या पसरट फिकटपणात हा तिठा येत होता. आणि एमईजीचा क्लस्टर याच्या जेमतेम सेंटीमीटरभर मागे.

सेंटीमीटरभर मागे. हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

एमईजी एमआरआयवर कशी बसवतात ते सांगतो. मशीनला डोक्याचा आतला भाग माहीत नसतो, म्हणून आधी एक डिजिटायझरचं पेन घेऊन पेशंटच्या डोक्यावर तीन खुणा टिपायच्या, नाकाच्या मुळाशी दोन डोळ्यांमधला खळगा, आणि दोन्ही कानांपुढचा बिंदू. शिवाय टाळूवर, कपाळावर, नाकावर शंभर-दोनशे ठिपके. मग एमआरआयवर त्याच तीन खुणा शोधून जुळवायच्या. त्या सकाळी पेन माझ्या हातात होतं, मुलगी रात्रभर जागी, डोकं पेंगतंय, मी घाईत. परत फाईल उघडून टाळूचे ठिपके एमआरआयच्या कातडीवर टाकले तर कपाळावरचे ठिपके कातडीच्या आत बुडलेले आणि मागच्या बाजूचे हवेत तरंगणारे. बघायला पाच मिनिटं लागली, आणि ही पाच मिनिटं मी आधी दिली नव्हती, तीन खुणांची बेरीज-वजाबाकी कॉम्प्युटरने हिरवी दाखवली म्हणून पुढे गेलो होतो. तीन खुणा तीन खुणांवर बसणारच ना, चूक त्या खुणेतच असेल तर ती हिरवीच दिसणार.

नाकाच्या मुळाचा बिंदू मी जवळजवळ एक सेंटीमीटर खाली, नाकाच्या दांडीवर टिपला होता. हिशोब सरळ आहे: खालचा बिंदू उचलून वरच्या खुणेवर बसवला की सगळं डोकं कानांच्या आसाभोवती मागे कलतं. आस ते नाक साधारण १० सेंमी, म्हणजे १ सेंमीच्या चुकीने साधारण पाच-सहा अंश. तेवढ्याच कलण्याने आसापासून ८-९ सेंमी वर, डोक्याच्या माथ्याकडे असलेली कुठलीही गोष्ट ८-९ मिमी मागे सरकते. नऊ मिमी म्हणजे एक अख्खी वळी. ऑपरेशन होणार की नाही, हाताला धोका आहे की नाही, हे सगळं त्या नाकावरच्या ठिपक्यावर लटकलं होतं.

तीन खुणा सोडून दिल्या आणि दोनशे ठिपक्यांचा पूर्ण पृष्ठभाग कातडीवर बसवला. क्लस्टर पुढे सरकला आणि प्रीसेंट्रल वळी सोडून तिठ्याजवळ खाचेच्या भिंतीवर जाऊन बसला. मी लगेच मॅडमना फोन करून चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "लेखी टाक, आणि जुनी फाईल डिलीट करू नकोस."

आता पेट. रिपोर्ट वाचताना पेट एकट्याने वाचलं गेलं होतं, आणि पेटचं रिझोल्यूशन चार-पाच मिमीचं, घड्या त्यात धूसरच. ते एमआरआयवर बसवलं (दोन्ही चित्रांतल्या उजेडाचा आपसातला सांख्यिकी संबंध जास्तीत जास्त होईल अशी जागा शोधतात, डोकं तेच असल्यामुळे तीन सरकणी नि तीन वळणं एवढंच शोधायचं असतं) आणि डावी बाजू उजव्या बाजूच्या आरशातल्या प्रतिमेशी ताडून बघितली. पसरट फिकटपणाच्या पोटात एक अरुंद, आणखीच फिकट पट्टी होती, खाचेच्या बरोबर आत, तळापर्यंत गेलेली. टेम्पोरलचा फिकटपणा दोन्ही बाजूंत जवळपास सारखाच निघाला, तो मी बाजूला ठेवला. एक सावधगिरी इथे बाळगावी लागते, खाचेत पाणी जास्त आणि कॉर्टेक्स पातळ असेल तर पेट तिथे खोटंच फिकट दाखवतं, म्हणून त्या जागी कॉर्टेक्सची जाडी मोजली. पातळ तर नव्हतीच, उलट समोरच्या बाजूपेक्षा किंचित जास्त होती.

मग तो क्षण. जुनाच तीन टेस्लाचा एमआरआय, तीच फाईल, फक्त काप नेहमीच्या तीन दिशांत न बघता त्या खाचेला काटकोनात कापून बघितले. खाचेच्या तळाशी करडा आणि पांढरा भाग यांच्यातली रेघ, जी बाकी सगळीकडे धारदार असते, ती तिथे सात-आठ मिमी पुसट, ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. फ्लेअर चित्रात (एमआरआयचाच एक प्रकार) तिथून एक फिक्कट पांढरी शेपटी निघून आतल्या पोकळीच्या दिशेने बारीक होत गेलेली. ही शेपटी म्हणजे या डिसप्लेझियाच्या टाइप दोनची ओळखीची खूण.

रेडिओलॉजिस्टना दोष देऊ नका. एकेका सिरीजमध्ये दीडशेच्या वर काप, अशा चार-पाच सिरीज, आणि सात मिमीची पुसट रेघ तिरक्या कापल्या गेलेल्या खाचेत. कुठे बघायचं ते माहीत असल्याशिवाय दिसत नाही. पण याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे, कुठे बघायचं ते माहीत असलं की नसलेलं पण दिसायला लागतं. चार जण एका स्क्रीनवर वाकून "हो हो, पुसट आहे खरी" म्हणतायत याला पुरावा म्हणत नाहीत. म्हणून दोन गोष्टी केल्या. हा एमआरआय इतर काही स्कॅनमध्ये मिसळून, पेशंटची काहीच माहिती न देता, बाहेरच्या एका सिनियर रेडिओलॉजिस्टना दिला, त्यांनी याच खाचेवर बोट ठेवलं. आणि निरोगी लोकांच्या एमआरआयशी तुलना करून करड्या-पांढऱ्या सीमेचा पुसटपणा मोजणारा प्रोग्राम चालवला. प्रोग्रामने तीन जागा दिल्या, एक ही, दुसरी उजव्या टेम्पोरलच्या टोकाला, तिसरी कपाळाच्या सायनसवर जिथे चित्र हवेमुळे बिघडतंच. फक्त प्रोग्रामचं ऐकलं असतं तर तीन ठिकाणी शोधत बसलो असतो. पेटची पट्टी, एमईजीची भिंत आणि डोळे-मान हा क्रम या तिन्हींना एकत्र पटणारी जागा एकच होती.

क्लस्टर खाचेच्या तळावर न येता भिंतीवर का आला? कारण तळाचे करंट टाळूकडे तोंड करून असतात, एमईजीला ते दिसत नाहीत, भिंतीचे दिसतात. म्हणजे ती चार-पाच मिमीची तफावत आली नसती तरच मला शंका आली असती.

पुढचं काम हाताचा भाग वाचवायचं. एफएमआरआय (काम करणारा भाग दाखवणारा एमआरआय) केला, बोटं अंगठ्याला टेकव-सोड असं मिनिटभर. १९९० मध्ये ओगावा यांनी दाखवलेला परिणाम वापरतात, काम करणाऱ्या भागात ऑक्सिजनवालं रक्त वाढतं आणि सिग्नल वर जातो, पण पाच-सहा सेकंद उशिरा, आणि तो पेशींचा नाही, रक्ताचा सिग्नल असतो. शिखर डागाच्या कडेपासून ११ मिमी मागे आलं. डीटीआयवरून (मेंदूतल्या तारांची दिशा दाखवणारा एमआरआय) हाताकडे उतरणाऱ्या तारांचा मार्ग काढला, यालाच ट्रॅक्टोग्राफी म्हणतात, तो डागाच्या आतल्या टोकापासून ८ मिमीवर. सर्जनना हे आकडे देताना मी दर वेळी सांगतो की रंगीत भागाची कड ही खरी कड नाही, मी थ्रेशोल्ड (किती सिग्नलपासून रंग द्यायचा ती मर्यादा) जरा हलवला की ११ चे ७ होतात, आणि तारा एकमेकींना छेदतात तिथे ट्रॅक्टोग्राफी काही तारा गाळते. ते दर वेळी मान डोलावतात आणि दर वेळी विचारतात, "बरं, पण ११ ना?"

एवढं होऊनही थेट ऑपरेशन नाही केलं. हाताच्या इतकं जवळ म्हटल्यावर आत इलेक्ट्रोड घालून खात्री करायचं ठरलं, स्टिरिओ ईईजी, पॅरिसमध्ये तालेराक आणि बांको यांनी बसवलेली पद्धत. ०.८ मिमी जाडीचे नऊ इलेक्ट्रोड, प्रत्येकावर दोन-दोन मिमीचे कॉन्टॅक्ट. ही तार फक्त आजूबाजूच्या काही मिमीचं ऐकते, त्यामुळे चुकीच्या जागी टाकली तर काहीच कळत नाही, आणि म्हणूनच आधीची सगळी खटपट. एक खाचेच्या तळाला, एक हाताच्या भागात, दोन आतल्या सप्लिमेंटरी मोटर भागात, बाकी आजूबाजूला. स्पेक्टची जागा मुद्दाम सोडली नाही, आमचं स्पष्टीकरण चुकीचं असेल तर तिथे पकडलं जाईल म्हणून.

खाचेच्या तळाच्या इलेक्ट्रोडचे दुसरे-तिसरे कॉन्टॅक्ट पहिल्या तासापासून ठेक्यात स्पाइक्स देत होते, जागेपणीसुद्धा. सहा दिवसांत ११ फिट्स, अकराही तिथेच सुरू, आधी बारीक वेगवान लहरी आणि मग चारेक सेकंदांनी सप्लिमेंटरी मोटर भाग पेटायचा. तोच तो स्पेक्टचा लाल ठिपका. तिथे सुरुवात एकदाही नाही. त्या दोन कॉन्टॅक्टना हलका करंट दिल्यावर डोळे उजवीकडे गेले आणि ती म्हणाली, "हेच, असंच सुरू होतं."

ऑपरेशनबद्दल मी थोडक्यातच लिहीन, ते माझं क्षेत्र नाही. कवटी उघडली की पाणी जातं, मेंदू काही मिमी खचतो आणि माझ्या सगळ्या सुंदर ओव्हरलेची जागा चुकायला लागते, हे सर्जनना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं, त्यामुळे नेव्हिगेशन खाच शोधण्यापुरतं, पुढे मोटर भागाला थेट करंट देऊन हात हलतो का बघत बघत काम. करंगळीच्या पेराएवढा तुकडा काढला. पॅथॉलॉजीत टाइप दोन-बी, फुग्यासारख्या फुगलेल्या पेशींसकट. उजव्या हाताची बोटं दहा-बारा दिवस जड होती, बटण लावता येत नव्हतं, मग सुटली.

आता १६ महिने झालेत, फिट नाही. तीनातलं एक औषध बंद झालंय, दुसरं हळूहळू कमी करतायत. ‘बरी झाली’ हा शब्द मॅडम अजून वापरत नाहीत, ताई मात्र वापरतात.

जुनी फाईल ठेवलीय. नवीन कोणी शिकायला आलं की आधी तीच उघडून देतो, सगळं हिरवं दिसत असतं, आणि विचारतो यात काय चुकलंय सांग. आतापर्यंत चौघांपैकी एकीने कपाळाकडे बघितलं. एमईजीच्या दिवशी डिजिटायझरचं पेन आता तिच्याच हातात असतं, नाकावर पेन टेकवलेला फोटो काढून फाईलला जोडल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही, आणि ठिपके कातडीवर टाकून बघायची ती पाच मिनिटं माझी.